दुधाला पर्याय शोधताना: सोया, ओट, बदाम आणि नारळाच्या दुधाचे परीक्षण

आपल्या जेवणापायी कोणत्याही प्राण्याला वेदना होऊ नयेत, एवढ्याच कारणासाठी ज्यांनी मांसाहार सोडला आहे किंवा तो कधी केलाच नाही, अशा घरांतूनही पहाटे दुधाची पिशवी येते, तिच्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असतो आणि त्या ठिपक्यापाशी बहुतेकांचा विचार थांबतो. माझ्या मते तो तिथे थांबू नये. ज्या कारणासाठी आपण मटण नाकारतो तेच कारण दुधालाही लागू पडते, आणि म्हणून दुधाऐवजी बाजारात मिळणारी वनस्पतिजन्य पेये मराठी स्वयंपाकघरात खरोखर टिकतात का, हे नीट तपासून पाहण्याची गरज मला वाटली. चहा, दही, कढी आणि खीर या रोजच्या पदार्थांत मी सोया, ओट, बदाम आणि नारळ या चार प्रकारांची परीक्षा घेतली. त्याचबरोबर प्रत्येक प्रकारामागे प्राण्यांना काय सोसावे लागते हाही निकष धरला, कारण तो सोडला तर या साऱ्या खटाटोपाला अर्थच उरत नाही. उत्पादकांची नावे मी दिलेली नाहीत. एकाच प्रकारातल्या निरनिराळ्या पाकिटांमध्ये साखर, तेल आणि घट्टपणा यांचाच काय तो फरक असतो. सोया आणि बदाम यांच्यातला फरक मात्र मुळातला आहे आणि ग्राहकाला तोच आधी कळायला हवा.

चवीकडे वळण्यापूर्वी दुधाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण अनेक सहृदय माणसांना असे प्रामाणिकपणे वाटते की दुधासाठी कुणाला मारावे लागत नाही. गाय किंवा म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि दूध चालू राहावे म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावे लागते. होणाऱ्या वासरांत साधारण निम्मे नर असतात. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे काम फारसे उरले नाही, आणि संकरित जर्सी किंवा होल्स्टीन गायीच्या गोऱ्ह्याला पुरेसे वशिंड नसल्यामुळे तो औताला जुंपण्याच्याही फारसा उपयोगाचा नसतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंश सुमारे १९.२५ कोटी भरला. त्यांपैकी गायी आणि कालवडी मिळून सुमारे १४.५ कोटी होत्या आणि नर जेमतेम पावणेपाच कोटी. जन्माला येताना संख्या जवळजवळ सारखी आणि गणनेत मात्र तिनास एक असे प्रमाण असेल, तर मधले नर कुठे गेले याचे उत्तर दूध पिणाऱ्या प्रत्येकाने शोधायला हवे. काही उपासमारीने मरतात, काही रस्त्यावर सोडले जातात, काही कत्तलखान्याकडे जातात.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीची कत्तल बंद झाली आणि २०१५ मध्ये त्या कायद्यातील दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाल्यावर बैल आणि वळू यांनाही तेच संरक्षण मिळाले. म्हैस आणि रेडा मात्र या संरक्षणाच्या बाहेर आहेत. आपल्याकडे दुधाचा मोठा वाटा म्हशीचा असतो, आणि म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या पहिल्या काही देशांत गणला जातो, या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. भाकड झालेली म्हैस आणि नको असलेला टोणगा यांना विकत घेणारा बाजार उभा आहे, म्हणूनच दुधाचे गणित जमते. पनीर खाऊन आपण मांसाच्या व्यापारापासून दूर राहिलो असे समजणारा माणूस प्रत्यक्षात त्याच व्यापाराच्या एका टोकाला उभा असतो. अंड्यांबाबतही हेच आहे, कारण अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या जातीतील नर पिल्लांचा व्यवसायाला काहीच उपयोग नसतो आणि उबवणी केंद्रात ती पहिल्याच दिवशी मारली जातात. अंड्याला निदान हिरवा ठिपका मिळत नाही, एवढाच दोहोंत फरक.

शहराच्या कडेला असलेल्या कोणत्याही म्हशींच्या गोठ्यात धारेच्या वेळी उभे राहिले तर हे आकडे डोळ्यांसमोर येतात. रेडकाला आखूड दावणीने बाजूच्या खुंट्याला बांधलेले असते आणि त्याच्या तोंडाला मुसके असते. धार काढायच्या आधी ते सोडले जाते, ते धावत आईच्या कासेला लागते, चार ढुशा देते, म्हैस पान्हवते, आणि दूध उतरू लागले की त्याच क्षणी त्याला ओढून पुन्हा खुंट्याला बांधतात. म्हैस मान वळवून त्याच्याकडे पाहत राहते आणि मागे बादलीत धारा पडत असतात. रेडकू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्याची किंवा पान्ह्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचण्याची पद्धत गोठेवाल्यांना ठाऊक आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे बारावे कलम खास या विषयासाठी आहे: जननेंद्रियात हवा फुंकून दूध उतरवण्याचा ‘फुका’ हा प्रकार, तसेच दूध वाढावे म्हणून जनावराच्या प्रकृतीला अपायकारक असे काहीही टोचणे, त्यात गुन्हा ठरवलेले आहे. कायद्यात स्वतंत्र कलम घालावे लागले, यावरूनच ही प्रथा किती पसरलेली होती ते समजते.

याच फुक्याविषयी वाचून महात्मा गांधींच्या मनात दुधाबद्दल तिटकारा निर्माण झाला, आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी आपले मित्र कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. पुढे खेडा सत्याग्रहानंतरच्या गंभीर आजारपणात, कस्तुरबांच्या सुचवण्यावरून, त्यांनी शेळीचे दूध घ्यायला सुरुवात केली. आपण प्रतिज्ञेचे शब्द पाळले, पण तिचा आत्मा पाळला नाही, ही खंत त्यांनी उघडपणे लिहून ठेवली आहे. मला या हकिगतीत महत्त्वाची वाटते ती त्यांच्यापुढची अडचण. त्या काळी दुधाच्या तोडीचा वनस्पतिजन्य पर्याय त्यांच्या हाताशी नव्हता. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन रोजच्या आहारात घेण्याचे प्रयोग झाले आणि गांधींनी ‘हरिजन’मधून त्यांविषयी लिहिले, यामागे तोच शोध होता असे मानायला जागा आहे. आज सोयाबीन विदर्भात आणि मराठवाड्यात मैलोन्‌मैल उभे असते आणि लातूरची बाजारपेठ त्यासाठी देशभर ओळखली जाते, तरी त्याचे तेल काढून उरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि आपल्या ताटात त्यातले फारच थोडे येते.

दोन आक्षेपांचा विचार इथेच करायला हवा. पहिला असा की शाकाहाराची भाषा आपल्याकडे सोवळ्याओवळ्याशी आणि जातीच्या अहंकाराशी जोडली गेली आहे. हे खरे आहे आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. शेजाऱ्याच्या ताटात काय आहे यावरून त्याला घर नाकारणाऱ्या माणसाच्या शाकाहाराला मी नीतीचे स्थान देत नाही. प्राण्याच्या वेदनेचा विचार करणाऱ्याला दुधाचा प्रश्न टाळता येत नाही, आणि दुधाचा प्रश्न मनावर घेतला की तथाकथित उच्चवर्णीय ताटही तितकेच तपासणीखाली येते. दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे. कोरडवाहू भागात दर दहा दिवसांनी डेअरीतून येणारे पैसे हाच अनेक घरांचा खात्रीचा आधार असतो, आणि दुधाला भाव मिळत नाही म्हणून रस्त्यावर दूध ओतणाऱ्या शेतकऱ्यांचे दुःख खोटे नाही. देशातील दुधाचे उत्पादन २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टनांवर पोहोचले होते, त्यामुळे चार घरांनी दूध सोडल्याने कोणाची डेअरी बंद पडणार नाही. पण मागणी हळूहळू वळली तर ती त्याच शेतकऱ्याच्या सोयाबीनकडे, शेंगदाण्याकडे आणि नारळाकडे वळावी, आयात केलेल्या बदामांकडे वळू नये, असे मला मनापासून वाटते. पुढच्या परीक्षणात ही इच्छा दिसेल, आणि ती लपवण्याचे मला कारण वाटत नाही.

आता सोयादुधाविषयी. पाकिटातले साखरविरहित सोयादूध कपात ओतले की ते किंचित पिवळसर दिसते आणि त्याला कडधान्याचा उग्र वास येतो. बहुतेक लोक हा वास घेऊनच माघार घेतात. उत्पादक तो झाकण्यासाठी व्हॅनिला आणि बरीच साखर घालतात. तसे पाकीट चहाला, कढीला, कशालाच चालत नाही, म्हणून विकत घेताना घटकांच्या यादीत पाणी, सोयाबीन, मीठ आणि वरून घातलेली खनिजे व जीवनसत्त्वे यांपलीकडे फारसे काही नसलेलेच निवडावे. प्रथिनांच्या बाबतीत गायीच्या दुधाच्या जवळ जाणारे या चौघांतले हे एकमेव पेय आहे, कारण शंभर मिलिलिटरमागे त्यात साधारण तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. चहात ते फुटते ही तक्रार खरी आहे, पण तिला उपाय आहे. पाण्यात आले, साखर आणि चहापत्ती नीट उकळून घ्यावी, गॅस बंद करून मिनिटभर थांबावे, आणि वेगळे गरम केलेले सोयादूध गाळलेल्या चहात घालावे. दूध घातल्यावर पुन्हा उकळी आणू नये. गुळाच्या चहात मात्र ते हमखास फुटते आणि तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. चव कशी लागते, याचे प्रामाणिक उत्तर असे की पहिले काही दिवस वेगळी लागते, मग जिभेला सवय होते, आणि वेलची किंवा गवती चहा घातला तर पाहुण्यांनाही चटकन ओळखता येत नाही.

पाकिटापेक्षा घरी केलेले सोयादूध मला कितीतरी पटींनी चांगले वाटते आणि या परीक्षणातला माझा पहिला क्रमांक त्यालाच आहे. वाटीभर सोयाबीन रात्रभर भिजवून सकाळी हाताने चोळले की साले सुटून वर येतात. ती पाण्याबरोबर ओतून द्यावीत. मग थंड पाण्याऐवजी कढत पाणी घालून ते मिक्सरमधून बारीक वाटावे. वास येतो तो दाणा वाटताना सुटणाऱ्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे), आणि कढत पाण्याने ते विकर तिथल्या तिथे निष्क्रिय होते, त्यामुळे ही एक गोष्ट पाळली तरी निम्मी तक्रार मिटते. मिश्रण पंचातून पिळून काढले की साधारण लिटरभर दूध मिळते. ते मोठ्या पातेल्यात ठेवणे आवश्यक आहे, कारण तापू लागताच पांढरा फेस भराभर वर येतो आणि गायीच्या दुधापेक्षा लवकर उतू जातो. आच मंद करून, ढवळत ढवळत, किमान पंधरा ते वीस मिनिटे ते उकळलेच पाहिजे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात आणि ते पुरेशा उकळीशिवाय नाहीसे होत नाहीत. वर जाड साय धरते, ती काढून भाजीत घालता येते. पंचात उरलेला चोथा टाकू नये. ज्वारीच्या आणि बेसनाच्या पिठात तो, कांदा, तीळ आणि तिखट मिसळून लावलेले थालीपीठ इतके खुसखुशीत होते की आमच्याकडे कधी कधी थालीपिठासाठी म्हणून सोयाबीन भिजत पडते. दाण्याची किंमत आणि गॅस धरूनही हे दूध लिटरमागे पंधरा-वीस रुपयांच्या पुढे जात नाही, तर पाकिटाला शंभराच्या वर मोजावे लागतात.

ओटच्या दुधाची सध्या शहरांतील कॉफीच्या दुकानांत चलती आहे आणि कॉफीपुरती ती योग्यही आहे. ओटमधील पिष्टाचे विकरांनी साखरेत रूपांतर केलेले असल्यामुळे ते वरून साखर न घालताही गोडसर लागते, त्याला फेस चांगला येतो आणि कॉफीच्या आम्लात ते सहसा फाटत नाही. आपल्या उकळलेल्या चहात मात्र ते जास्त वेळ ठेवले तर बुळबुळीत होते आणि चहाला पेजेसारखा घट्टपणा येतो. प्रथिने अगदी कमी, शंभर मिलिलिटरला एक ग्रॅमच्या आसपास. त्याचे दही लागत नाही, कढी होत नाही, आणि खीर केली तर ती थंड झाल्यावर आटलेल्या गव्हल्यांसारखी गच्च बसते. प्राण्यांच्या दृष्टीने त्यावर आक्षेप घेण्यासारखे मला काही आढळले नाही. पण ओट हे आपल्याकडे मुख्यतः चाऱ्याचे पीक आहे, पाकिटांत येणारे ओट बहुधा परदेशातून आलेले असतात आणि किंमत लिटरला दोनशेच्या पुढे जाते, तेव्हा रोजच्या वापरासाठी ते सुचवणे मला योग्य वाटत नाही. ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे आणि ज्यांचा दिवस कॉफीवर चालतो, त्यांनी ते जरूर घ्यावे.

बदामाच्या दुधाबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते चवीमुळे नाही. चव खरोखर चांगली असते, केशर-वेलची घालून थंड केले तर पाहुण्यांना देण्यासारखे पेय होते. परंतु पाकिटांवरील घटकांचे प्रमाण वाचले तर अनेकांत बदाम शेकडा दोन-तीनच निघतात, उरलेले पाणी आणि ते घट्ट दिसावे म्हणून घातलेला गोंद, प्रथिने नाममात्र. याहून मोठा प्रश्न पुढे आहे. जगातील बहुतांश बदाम अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पिकतात आणि भारत त्यांच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक आहे. बदामाच्या बागांत दुसरे काही उगवत नाही, फुले येतात ती फक्त फेब्रुवारीच्या सुमारास, आणि त्या काही आठवड्यांतील परागीभवनासाठी अमेरिकेतील व्यावसायिक मधमाशीपालकांच्या बहुसंख्य पेट्या ट्रकवर लादून शेकडो, कधी हजारो मैल दूरवरून तिथे आणल्या जातात. एकाच जागी इतक्या वसाहती गोळा झाल्याने रोग आणि परजीवी एकीकडून दुसरीकडे पसरतात, कीटकनाशकांचा मारा असतो, आणि प्रवासाच्या ताणाने माश्या दगावतात. गायीच्या वासरासाठी दूध सोडायचे आणि त्याऐवजी असे पेय घ्यायचे, हे मला पटत नाही. घरात सणासुदीला आणलेले चार बदाम वाटून घालणे वेगळे. रोज पाकीट रिचवणे वेगळे. मधमाशीला वेदना होतात की नाही याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये अजून चर्चा चालू आहे हे मान्य करूनही, शंका असेल तिथे आपण सावध बाजूला राहावे असे मी मानते.

नारळाच्या दुधाबद्दल कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना मी काही नवे सांगण्याची गरज नाही. सोलकढी, शिरवाळ्यांबरोबरचा नारळाचा गोड रस, गुळाची नारळदुधातली खीर, हे पदार्थ कोणत्याही नव्या चळवळीची वाट न पाहता पिढ्यान्‌पिढ्या गोठ्याशिवाय होत आले आहेत, आणि खिरीच्या परीक्षेत नारळाच्या जवळपासही बाकीची तिन्ही पेये पोहोचत नाहीत. तांदळाची किंवा हरभऱ्याच्या डाळीची खीर गुळात शिजवून, गॅस बंद केल्यावर पहिला दाट रस घातला तर दुधाची आठवणही येत नाही. रस घालून उकळी काढली तर मात्र तो फुटतो. चहात नारळ चालत नाही. तेलाचे थेंब वर तरंगतात आणि चहाचा स्वाद दबून जातो. प्रथिने कमी आणि स्निग्धता जास्त, म्हणून दुधाची जागा पूर्णपणे नारळाला देता येणार नाही. डबाबंद आयात मालाबाबत एक सावधगिरी ठेवावी. थायलंडमध्ये काही बागांत माकडांना साखळीने बांधून, त्यांना शिकवून, नारळ काढून घेतले जातात, हे गेल्या काही वर्षांत उघडकीस आले आहे. आपल्याकडे नारळ माणूस चढून काढतो, तेव्हा दारात मिळणारा नारळ फोडून रस काढणे हे चवीलाही उत्तम आणि मनालाही स्वस्थ ठेवणारे.

दह्याची परीक्षा सर्वांत कठीण, कारण मराठी जेवणात ताकाशिवाय उन्हाळा जात नाही. इथे पुन्हा सोयाच उपयोगी पडते. पहिल्या विरजणासाठी कोमट सोयादुधात हिरव्या मिरच्यांची चार-पाच देठे टाकून भांडे उबदार जागी झाकून ठेवावे. देठांवरच्या जिवाणूंनी दहा-बारा तासांत दूध आंबते. हे पहिले दही सैल आणि जरा विचित्र वासाचे असते, त्यामुळे ते खाण्यापेक्षा पुढच्या दुधाला विरजण म्हणून वापरावे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुरीने कापता येईल असे घट्ट दही लागते. भिजवलेले शेंगदाणे सोयाबीनबरोबर वाटले तर ते अधिक मऊ आणि गोडसर होते. ताक उत्तम होते. जिरे, आले आणि कोथिंबीर घातलेला मठ्ठा मी जाणकारांपुढे निर्धास्त ठेवीन. कढीला नेहमीपेक्षा अर्धा चमचा बेसन जास्त लागते आणि आच मंद ठेवावी लागते, एवढे सांभाळले तर ती फुटत नाही. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगून चक्का करता येतो. केशर आणि जायफळ सढळ हाताने घातले तरी मागे कडधान्याची पुसट चव राहते, आणि ज्यांना पाडव्याचे अस्सल श्रीखंड हवे आहे त्यांचे या चक्क्याने समाधान होणार नाही. साजूक तुपाला तर मला कोणताच पर्याय सापडलेला नाही. व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेले, तूप म्हणून विकली जाणारी उत्पादने तेल आणि सुगंध यांपलीकडे जात नाहीत. वरणभातावर त्यापेक्षा लिंबू आणि मेतकूट पुरेसे आहे, आणि पुरणपोळीबरोबर नारळाचा रस.

खरेदी करताना हिरव्या ठिपक्यावर विसंबू नये, कारण आपल्या नियमांत दूध आणि दुग्धजन्य पदार्थ शाकाहारी धरलेले आहेत. ‘नॉन-डेअरी’ असे लिहिलेल्या क्रीममध्ये किंवा पावडरमध्येसुद्धा दुधातील प्रथिनापासून केलेले केसिनेट असू शकते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी वेगळे नियम केले आणि हिरव्या रंगातील पान असलेले व्ही अक्षराचे चिन्ह ठरवून दिले. ते चिन्ह पाहावे, आणि घटकांची यादी स्वतः वाचावी. पोषणाच्या बाबतीत कोणालाही खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही. वनस्पतींपासून बी-१२ जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही, म्हणून ज्यांनी दूध पूर्ण सोडले आहे त्यांनी ते वरून घातलेले पाकीट निवडावे किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. घरच्या सोयादुधात वेगळे कॅल्शियम घातलेले नसते, ते तीळ, नाचणी आणि शेवग्याच्या पाल्यातून भरून काढावे लागते. तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी यांतले कोणतेही पेय देऊ नये.

किमतीबाबत एक चांगली गोष्ट झाली आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत सोयादुधावर १२ टक्के आणि इतर वनस्पतिजन्य दुधांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता, तो आता सगळ्यांवर ५ टक्के झाला आहे. तरीही डेअरीच्या दुधाशी तुलना केली तर पाकीट दुपटीहून महाग पडते, आणि ते पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांबाहेर सहज मिळत नाही. ज्या लातुरात सोयाबीनचे ढीग लागतात, तिथल्या किराणा दुकानातही दूध म्हणून ते क्वचितच दिसते. म्हणून रोजच्या चहाला आणि दह्याला घरचे सोयादूध, खिरीला नारळ, आणि प्रवासासाठी किंवा घाईच्या दिवसांसाठी साखरविरहित सोयाची दोन पाकिटे फडताळात, अशी व्यवस्था मी सुचवते. बंद पाकीट बाहेर काही महिने टिकते. उघडल्यावर मात्र फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावे आणि प्रत्येक वेळी ओतण्यापूर्वी नीट हलवावे, कारण त्यात घातलेले कॅल्शियम तळाशी बसते. घरी केलेले दूध उन्हाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये; तिसऱ्या दिवशी उरलेच, तर त्याला सरळ विरजण लावावे.